न चाखलेली आमटी

"धर ओंजळ," रखमाआक्का म्हणाली.

मी ओंजळ पुढं केली. तिनं आपल्या ओंजळीतलं मीठ माझ्या ओंजळीत ओतलं. माझी ओंजळ भरली नाही. वर बरीच जागा राहिली.

"हात हायत का सुपं?" ती म्हणाली.

"मग आता?"

"मग काय. हौसाच्या सहा ओंजळी म्हंजे तुझ्या किती, ते काढू. आण ती परात."

रखमाआक्का आमची शेजारीण, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. हौसा म्हणजे माझी बायको. ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तिचा आणि रखमाआक्काचा हात एका मापाचा होता. कासारीण आली आणि दोघींतली एक रानात असली, की दुसरी स्वतःच्या हातावर माप देऊन तिच्या बांगड्या घेऊन ठेवायची. त्यामुळं हौसाच्या ओंजळीत किती मीठ मावायचं हे बघायला मला तेवढाच एक हात शिल्लक होता.

रखमाआक्कानं सहा ओंजळी परातीत टाकल्या. मी त्या माझ्या ओंजळीनं उचलल्या. चार भरल्या.

"चार," मी म्हणालो.

"चार."

"नक्की ना? परत एकदा बघायचं का?"

"सदा, हे मीठ हाय, सोनं न्हाय. चार."

मी तरीही परत एकदा मोजलं. चारच भरल्या.

दुसऱ्या दिवशी भैरोबाचा भंडारा होता. भंडाऱ्याची आमटी करायचा मान आमच्या घराकडं. आधी माझी आजी करायची, मग आई, मग हौसा. मी लग्न झाल्यापासून चुलीचा जाळ बघत आलो. काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, काय पडतंय ते हौसानं बघायचं, काहिलीखाली काय जळतंय ते मी.

या आमटीच्या दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. एक म्हणजे तिच्यात गावाचं मीठ पडतं. डाळ-तांदूळ कमिटी आणते, पण मीठ प्रत्येक घरातून मूठभर येतं. चुलीशेजारी टोपली ठेवलेली असते, त्यात बाया मीठ टाकून जातात. कुणाचं खडेमीठ, कुणाचं पुड्यातलं बारीक. दरवर्षी टोपली वेगळी. दुसरी गोष्ट, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमटी कुणी चाखायची नाही. आचाऱ्यानंसुद्धा नाही. म्हणजे सगळ्या गावाची आमटी, आणि मीठ घालायचं ते अंदाजानं.

हौसाचं कधी चुकायचं नाही. पहिलं वर्ष तेवढं खारट झालं होतं, ती नवी सून होती तेव्हा. पुढं कधीच नाही. ती सहा ओंजळी मीठ घालायची, काहिलीवर वाकायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि म्हणायची, "पडलं." मग पदराला हात पुसून देवळामागं तोंड धुवायला जायची.

मिठाला वास असतो का, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. मी घरी डबा उघडून पुष्कळदा हुंगून बघितला. मला कधी काही आलं नाही. तिला विचारलं तर ती हसायची. गुरव म्हणायचा, ही देवाची कृपा. तिचा भाऊ दामू म्हणायचा, मीठ पडलं की फेस बदलतो, ताई फेस बघते. दामू सगळ्याच गोष्टी खात्रीनं सांगायचा. त्याचा तालुक्याला मंडपाचा धंदा होता. शंभर लग्नं बघितलेला माणूस.

मी त्याच्या उलट. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा. हौसा म्हणायची, "लागलंय ओ," आणि मग मला ते लागलेलं वाटायचं. बाजारातनं वांगी आणली तरी पिशवी तिच्यापुढं धरून मी विचारायचो, बरी आहेत ना? ती बरी म्हणाली की मग ती बरी असायची. ती गेल्यावर मला कळलं की कुलूप लागलंय की नाही हे सांगणारं आता कुणी नाही. मी अर्ध्या वाटेतनं परत यायचो.

त्या वर्षी भंडाऱ्याची बैठक झाली तेव्हा दामूनंच विषय काढला. "ताई न्हाय. दाजींनी ह्या वयात कशाला तरास घ्यायचा? माझ्या वळखीचा आचारी हाय. हजार माणसाचं करतो. काहील त्याच्याकडं देऊ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी होय म्हणणार असंच सगळ्यांना वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" दामू म्हणाला.

"मी."

का म्हणालो ते मला नीट सांगता येणार नाही. ती काहील वर्षभर आमच्या परसात पालथी असायची. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी हौसा ती चिंच आणि राखेनं घासायची. दुसऱ्या कुणी ती काहील उचलून न्यावी आणि मी दारात उभं राहून बघावं, हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. एवढंच.

कमिटीचे अध्यक्ष सुभानराव चांगले माणूस, पण रोखठोक. ते म्हणाले, "कर सदा. पर एक. आमटी बिघडली तर म्होरल्या सालापास्नं दामूचा आचारी. मग मान-बिन काढायचा न्हाय."

"बरं," मी म्हणालो.

भंडाऱ्याच्या दिवशी उजाडताच मी चूल पेटवली. ज्यानं चूल पेटवली त्यानंच मीठ घालायचं, अशी रीत. मी आदल्या दिवशी रखमाआक्काला म्हणालो होतो, तुझाच हात तिच्या मापाचा आहे, तूच घाल. ती म्हणाली होती, "अजाबात न्हाय. जाळ तुझा, मीठ तुझं."

तुरीची डाळ शिजून घोटून झाली. खोबऱ्याचं, धन्याचं, तिळाचं वाटण बायांनी करून दिलं होतं, ते तेलात परतलं. चिंचेचा कोळ पडला, गूळ पडला. इथवर मला काही अडचण आली नाही. आमटीला रंग आला. उकळी फुटायला लागली. आता मीठ.

मी टोपलीपाशी गेलो. मिठाकडं बराच वेळ बघत उभा राहिलो. त्या वर्षी बारीक मीठ जास्त आलं होतं. आदल्या दिवशी रखमाआक्काच्या घरी मोजलं ते खडेमीठ होतं. बारीक मीठ ओंजळीत दाबून बसतं, जास्त भरतं. हे मला तिथं उभं राहिल्यावर सुचलं. मग मी ठरवलं, ओंजळ चारच, पण सैल.

पहिली टाकली. दुसरी टाकली. तेवढ्यात चुलीतलं मोठं लाकूड मधेच मोडलं आणि काहील एका अंगाला कलली. मी ओरडलो. चार पोरं धावली, मी पहारीनं लाकूड सारलं, काहील दगडावर परत नीट बसवली. धूर डोळ्यांत गेला. डोळे पुसून मी पुन्हा टोपलीकडं वळलो, एक ओंजळ टाकली, मग आणखी एक टाकली. आणि उलथनं हातात घेतलं.

"दाजी," मागनं दामू म्हणाला, "एक ऱ्हायली."

"काय राहिली?"

"मिठाची ओंजळ. चार टाकायच्या म्हनला व्हता ना आक्काला? तीन पडल्या."

"चार पडल्या."

"तीन. मी हितंच उभा हाय. लाकूड मोडायच्या आदी एक पडली, आन नंतर दोन."

"आधी दोन पडल्या."

"एक, दाजी."

आधी दोन टाकल्या असं मला वाटत होतं. पण दामू एवढ्या खात्रीनं सांगायला लागला तशी माझ्या डोळ्यांपुढं एकच ओंजळ यायला लागली. मग दोन. मग परत एक. लाकूड मोडल्याचा आवाज मला आठवत होता, आणि त्या वेळी हात रिकामा होता की भरलेला, तेच आठवत नव्हतं.

माणसं जमली. असल्या वेळी माणसं लगेच जमतात.

"टाका की अजून एक," कुणीतरी म्हणालं.

"आन चार पडल्या असल्या तर? खारट व्हईल."

"हात चाटून बघ म्हनावं. हाताला लागलेलंच हाय की."

"त्यानं काय कळनार? मीठ हाताला लागलंय, किती पडलंय ते थोडंच हात सांगतोय?"

"मग थेंबभर कुत्र्याला घालून बघू."

"अरं!" गुरव पुढं आला. "देवाच्या आदी कुत्रं? कुनाच्या डोक्यातनं निघालं हे?"

ज्याच्या डोक्यातनं निघालं होतं तो मागं सरकला. माणसं हसली. मला हसू आलं नाही. आमटीला आता मोठी उकळी फुटली होती. अजून थोडा वेळ गेला असता तर मीठ घालूनही मुरलं नसतं. काय ते लगेच ठरवायला पाहिजे होतं.

दामू माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, ताईच्या नावाचा सवाल हाय. अळणी झाली तर लोक म्हनतील ताई गेली आन चव गेली. मी टाकतो. तुमी नका काळजी करू."

त्याचे डोळे ओले होते. तो काही वाईट माणूस नव्हता. बहीण त्याचीही गेली होती.

तो टोपलीत वाकला, ओंजळ भरली आणि काहिलीकडं वळला. मी त्याचं मनगट धरलं.

"नाही," मी म्हणालो.

"दाजी, सोडा."

"चार पडल्या."

"तुमाला नक्की म्हाईत हाय?"

सुभानराव पुढं आले. "सदा, नीट सांग. नक्की?"

आयुष्यभर असा प्रश्न आला की मी मागं वळून बघत आलो. तेव्हाही वळलो. मागं रखमाआक्का उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, पण ना होय, ना नाही. तोंडावर काहीच नाही. मी पुन्हा पुढं बघितलं.

"नक्की," मी म्हणालो.

नक्की नव्हतं. पण आमटी माझी होती. लाकूड मी सारलं होतं, मीठ मी टाकलं होतं. माझं चुकलं असेल तर चुकू दे, पण दामूच्या मोजण्यानं ते मला दुरुस्त करायचं नव्हतं. दामूचं मनगट मी टोपलीवर नेलं आणि हलवलं. मीठ टोपलीत पडलं.

"जाळ कमी करा," मी पोरांना म्हणालो. "आणि काहिलीजवळ कुणी यायचं नाही."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. माणसं पांगली. दामू पाय आपटत पत्रावळ्यांकडं गेला.

मी उलथनं फिरवलं, बाजूला ठेवलं आणि देवळामागं गेलो. तिथं पाण्याचा रांजण आहे. पलीकडं दगडी कट्टा. मी कट्ट्यापाशी पोचलो. भिंतीला हात टेकून ओकलो.

पाठीवर हात पडला.

"व्हऊ दे," रखमाआक्का म्हणाली. तिच्या हातात तांब्या होता.

मी चूळ भरली, तोंड धुतलं, कट्ट्यावर बसलो.

"मला ठाऊक नाही गं," मी म्हणालो. "चार पडल्या का तीन, मला खरंच ठाऊक नाही. मी उगाच नक्की म्हणालो."

"हूं."

"हौसा असती तर वास घेऊन सांगितलं असतं."

रखमाआक्कानं तांब्या खाली ठेवला. "हौसा हितंच बसायची," ती म्हणाली.

"तोंड धुवायला यायची."

"तोंडच धुवायची. आदी वकायची."

मी तिच्याकडं बघितलं.

"कुठल्या वर्षी?"

"समद्या वर्सी. मी तांब्या घिऊन असायची. गेल्या सालीबी."

"मला कधी बोलली नाही."

"तुला कशापायी बोलंल? तुझ्याकडं जाळ व्हता. ती भ्यालीय म्हनल्यावर तू काय केलं असतंस? तूबी भ्याला असतास. मग आमटी करपली असती."

मला ते खोटं म्हणता येईना.

"पण तिला तर कळायचं," मी म्हणालो. "वासावरनं."

"मिठाला कुठं वास असतोय, सदा?"

"मग ती वाकून काय करायची?"

रखमाआक्का माझ्या शेजारी बसली. गुडघे धरून बसली, बायका बसतात तशी.

"पैल्या वर्सी आमटी खारट झालेली, आठवतंय?"

"आठवतंय. नवी होती ती."

"नवी व्हती, पर मीठ तिनं बराबर घातलं व्हतं. तिची पाठ वळली तशी तुझ्या चुलतीनं मूठभर टाकलं, नव्या सुनेला काय जमनार म्हनून. मग पाटलाच्या म्हातारीनं टाकलं. आन एक मूठ..." तिनं तांब्या उगाच जवळ ओढला. "एक मूठ मी टाकली. मला तिची दया आली व्हती."

"तिला माहीत होतं?"

"मीच सांगितलं तिला, रडत रडत. म्हनलं, गावात सांगते. ती म्हनली, नको, त्यानं काय व्हनार. दुसऱ्या वर्सी तिनं मीठ घातलं आन काहिलीवर वाकली, डोळं मिटलं, वास घेतला, म्हनली पडलं. समद्या बाया गपगार. हिला वास कळतोय म्हनल्यावर मागनं हात घालनार कोन? तवापास्नं कुनी घातला न्हाय."

"म्हणजे तिला काही कळत नव्हतं?"

"तुला आत्ता जेवढं कळतंय तेवढंच."

देवळात घंटा वाजली. नैवेद्याचं ताट आत गेलं असणार. मी उठलो नाही. पंचवीस वर्षं मी त्या बाईपासून चार हातांवर बसून जाळ सारत होतो, आणि ती दरवर्षी मागं येऊन ओकत होती. मला राग यायला पाहिजे होता का, मला कळेना. राग आला नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, ती आत्ता इथं पाहिजे होती. एरवी ती मला पाहिजे असायची ती काहीतरी सांगायला. त्या वेळी मला तिला विचारायचं होतं, आता बरं वाटतंय का.

"चल," रखमाआक्का म्हणाली. "पंगत बसली. लपून बसायला आलोय का आपन?"

पहिली पंगत म्हाताऱ्या माणसांची. पानात वरच्या कोपऱ्यात चिमूट चिमूट मीठ वाढलेलं होतं. आमटी अळणी झाली की माणूस काही बोलत नाही, त्याचं बोट त्या मिठाकडं जातं. खारट झाली की तांब्याकडं जातं. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि बोटं बघायला लागलो.

गावात गोविंदा लोहार नावाचा म्हातारा होता. कुणाच्या लग्नात भात चिकट झाला तर तो पंगतीतनं ओरडून सांगायचा. दामू नेमका त्याच्यापुढं आमटीची बादली घेऊन उभा होता. गोविंदानं भाताचं आळं केलं, दामूनं आमटी ओतली. म्हाताऱ्यानं कालवलं, घास घेतला. चावायला दात नव्हते, त्यामुळं वेळ लागला.

दुसरा घास घेतला.

"मामा, काय पाहिजे का?" दामूनं विचारलं. त्याचा हात मिठाच्या वाटीवर होता.

"पाहिजे की."

"मीठ?"

"मीठ कशाला, आमटी वत. वाढतोयस का शिंपडतोयस?"

पंगत हसली. दामूनं बादली वाकवली. मी पानांवरनं नजर फिरवत गेलो. चिमटी चिमटी मीठ जागच्या जागी होतं. पंगत उठली, दुसरी बसली, मग बायांची बसली. काहील रिकामी होत गेली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी मुद्दाम चांगलंही बोललं नाही. आमच्याकडं आमटी चांगली झाली तर ती संपते.

सुभानराव हात धुऊन जाता जाता माझ्यापाशी थांबले. "काहील घासून तुझ्याच परसात ठेव," एवढं म्हणाले आणि गेले.

आचाऱ्यानं शेवटी जेवायचं असतं. त्यामुळं आमटी कशी झालीय हे गावाला कळल्यावर मला कळायचं होतं. ऊन कलल्यावर मी, रखमाआक्का, गुरव आणि वाढपी असे बसलो. दामू माझ्या शेजारी पान घेऊन आला. सकाळपासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

मी घास घेतला. चिंच थोडी पुढं आली होती. हौसाच्या आमटीला नंतर तिळाचा जो स्वाद यायचा तो आला नव्हता, वाटण परतताना मी घाई केली असणार. मीठ बरोबर होतं. मी अजून एक घास घेतला. मीठ बरोबरच होतं.

दामूनंही दोन-तीन घास घेतले. मग खाली बघत म्हणाला, "दाजी."

"काय?"

"मीठ बराबर हाय."

"हो."

तो जरा वेळ जेवत राहिला. मग त्याच्यानं राहवेना.

"पर तीनच पडल्या व्हत्या."

रखमाआक्काला ठसका लागला. गुरवानं तिला पाणी दिलं. मी दामूकडं बघितलं. बहिणीसारखंच नाक, बहिणीसारखाच हट्टी. आज इतकी वर्षं झाली, तीन पडल्या होत्या का चार, ते मला माहीत नाही.

"असतील तीन," मी म्हणालो.

"मग? तुमी तर नक्की म्हनला व्हता."

"म्हणालो होतो."

"म्होरल्या साली मी सोता उभा ऱ्हाऊन मोजनार."

"मोज की," मी म्हणालो. "पण हात मागं बांधून मोज." आणि त्याच्या पानात आमटी ओतली.